गिरणगावांतून निघालेली चाके

१८९४ सालच्या फेब्रुवारी महिन्यात इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरात सहा तरुण एकत्र आले. जागा होती तिथल्या ‘लेबर चर्च’ची. टॉम ग्रूम हा त्यांतला पुढाकार घेणारा. सहाही जण समाजवादी विचारांचे आणि सहाही जणांना सायकलचे वेड. विचारांचा प्रचार आणि रानावनातली भटकंती या दोन्ही गोष्टी एकाच मंडळात साधता येतील का, यावर त्यांचे बोलणे झाले आणि ‘सोशलिस्ट्स सायकलिंग क्लब’ जन्माला आला. पुढच्याच बैठकीत हे नाव मागे पडले. सगळे जण दर आठवड्याला एकच साप्ताहिक आवडीने वाचत असत, त्याचेच नाव त्यांनी घेतले: ‘क्लॅरियन सायकलिंग क्लब’.

एका शहरातले हे सहा जणांचे मंडळ चाळीस वर्षांत आठ हजारांहून अधिक सभासदांचे झाले. आज सव्वाशे वर्षे उलटून गेल्यावरही ब्रिटनमधल्या अनेक गावांत त्या नावाखाली सायकली निघतात. त्या काळातले किती पक्ष, किती वर्तमानपत्रे, किती पुढारी काळाच्या उदरात गडप झाले. हा क्लब टिकला. कामगारांनी आपल्या सुट्टीच्या दिवसाचे काय केले आणि त्यातून काय उभे राहिले, याचा तो इतिहास आहे.

एक साप्ताहिक आणि त्याचा संपादक

‘द क्लॅरियन’ हे साप्ताहिक १२ डिसेंबर १८९१ रोजी मँचेस्टरमध्ये सुरू झाले. त्याचा संपादक रॉबर्ट ब्लॅचफर्ड. फिरत्या नाटक कंपनीतल्या नटांचा हा मुलगा. लहानपणी ब्रश बनवणाऱ्याकडे उमेदवारी केली, मग पलटणीत शिपाई झाला आणि पुढे पत्रकारितेत आला. मँचेस्टरच्या ‘संडे क्रॉनिकल’मध्ये तो भरभक्कम पगारावर लिहीत होता. त्या शहरातल्या गलिच्छ वस्त्या हिंडून पाहिल्यावर तो उघड समाजवादाची बाजू मांडू लागला. मालकाला ते मानवले नाही. ब्लॅचफर्डने नोकरी सोडली आणि भाऊ मॉन्टेग्यू, अलेक्झांडर थॉम्सन व एडवर्ड फे अशा सोबत्यांना घेऊन स्वतःचे पत्र काढले. किंमत एक पेनी. पहिल्या अंकाच्या जाहिरातीची भित्तिपत्रके पावसात धुऊन गेली, तरी सुमारे चाळीस हजार प्रती खपल्या.

या पत्राची भाषा वेगळी होती. समाजवादावरचे बाकीचे लेखन तेव्हा जडजंबाल असे. ब्लॅचफर्ड मात्र शेजारी बसून बोलावे तसा लिही. ‘मेरी इंग्लंड’ ही त्याची लेखमाला ओल्डहॅम गावच्या ‘जॉन स्मिथ’ नावाच्या कल्पित कामगाराला उद्देशून लिहिलेली होती. तिचे पुस्तक झाले आणि १८९४ मध्ये एक पेनीची स्वस्त आवृत्ती निघाली, तेव्हा तिच्या लाखो प्रती हातोहात गेल्या. ‘क्लॅरियन’च्या अंकात राजकारणाबरोबर नाटके, पुस्तके, खेळ, विनोद, कविता असे सगळे असे. लेखकांची टोपणनावेही गमतीची. वाचकांना ही माणसे संपादक कमी आणि मित्र जास्त वाटत. बर्मिंगहॅमच्या तरुणांनी आपल्या मंडळाला या पत्राचे नाव दिले, त्यामागे हीच जवळीक होती.

‘लेबर चर्च’ हीदेखील त्याच वातावरणातली संस्था. जॉन ट्रेव्हर यांनी १८९१ मध्ये मँचेस्टरला तिची सुरुवात केली. मालक ज्या चर्चमध्ये पुढच्या बाकांवर बसत तिथे कामगाराला परके वाटे. म्हणून रविवारी भजने आणि कामगारांच्या प्रश्नांवरची भाषणे एकाच छताखाली ऐकण्याची सोय या चर्चने केली. १८९३ च्या जानेवारीत ब्रॅडफर्डला ‘इंडिपेंडंट लेबर पार्टी’ स्थापन झाली होती. कामगार आता स्वतःचे राजकारण स्वतः करू पाहत होते. त्या राजकारणाला एक नवे वाहन मिळण्याची वेळही नेमकी तेव्हाच आली.

सायकल आणि सुट्टी

सायकल तोवर श्रीमंतांची हौस होती. पुढचे चाक पुरुषभर उंचीचे आणि मागचे एवढेसे, अशी ती जुनी सायकल. तिच्यावर चढणे म्हणजे कसरत आणि पडणे म्हणजे हाड मोडणे. १८८५ मध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली याने ‘रोव्हर’ सायकल बाजारात आणली. तिची दोन्ही चाके जवळपास सारखी होती आणि मागचे चाक चेनने फिरे. आज आपण चालवतो त्या सायकलचा घाट तोच. तीन वर्षांनी, १८८८ मध्ये, बेलफास्टच्या जॉन डनलॉप या पशुवैद्याने हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले. खडबडीत रस्त्यावर हाडे खिळखिळी करणारे वाहन आता मऊ चालू लागले.

तरीही नवी चांगली सायकल दहा-वीस पौंडांना पडे आणि कुशल कारागिराची आठवड्याची मजुरी दीड पौंडाच्या आसपास असे. कामगाराच्या हाती सायकल आली ती जुन्या बाजारातून, हप्त्यांवर किंवा सुटे भाग जमवून घरी जुळवलेली. १८९० च्या दशकाच्या मध्यावर सायकलची लाटच आली. कारखाने वाढले, पुढे किमती उतरल्या आणि श्रीमंतांनी टाकलेल्या जुन्या सायकली स्वस्तात मिळू लागल्या.

सायकल असून वेळ नसेल तर ती भिंतीलाच टेकलेली राहणार. ब्रिटनमध्ये १८५० च्या कारखाना कायद्याने कापडगिरण्यांतल्या स्त्रिया आणि अल्पवयीन मुलांचे काम शनिवारी दुपारी दोनला थांबवले होते. हळूहळू शनिवारची अर्धी सुट्टी इतर धंद्यांतही रुजली. शनिवारची दुपार आणि अख्खा रविवार, एवढा मोकळा वेळ कामगाराच्या पदरात पडला. मराठी वाचकाला इथे नारायण मेघाजी लोखंडे आठवल्याशिवाय राहणार नाहीत. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टी नव्हती. लोखंड्यांनी वर्षानुवर्षे अर्ज केले, सभा घेतल्या आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. म्हणजे मुंबईच्या कामगाराला हक्काचा रविवार मिळाला आणि त्यानंतर चार वर्षांच्या आत बर्मिंगहॅमच्या कामगारांनी आपल्या रविवारसाठी क्लब काढला. कामाचे तास आणि विश्रांतीचा हक्क ही त्या काळातली दोन्हीकडची लढाई होती. सुट्टी मिळाली की माणूस थोडा स्वतःचा होतो, हे लोखंड्यांना कळले होते आणि ग्रूमलाही.

पहिली सहल, पहिले संमेलन

१८९४ च्या ईस्टरच्या सुट्टीत बर्मिंगहॅम क्लबची पहिली मोठी सहल निघाली. वुल्व्हरहॅम्प्टन, ब्यूडली, वूस्टर, ईव्हशॅम, वॉरिक अशा मध्य इंग्लंडमधल्या गावांना वळसा घालून मंडळी परतली. ग्रूमने या सहलीचे रसभरित वर्णन ‘क्लॅरियन’मध्ये लिहिले आणि त्या लेखाने ठिणगीचे काम केले. वाचकांनी आपापल्या गावात क्लब काढले. वर्ष संपेपर्यंत पॉटरीज, लिव्हरपूल, ब्रॅडफर्ड आणि बार्न्सली इथे शाखा उभ्या राहिल्या. कुंभारकामाचा मुलूख, बंदर, लोकरगिरण्यांचे शहर आणि कोळशाच्या खाणींचे गाव अशा चारही ठिकाणी श्रमणाऱ्यांची दाट वस्ती होती.

१८९५ च्या ईस्टरला डर्बीशर परगण्यातल्या ॲशबोर्न गावी या सगळ्या शाखांचे पहिले संमेलन भरले. सुमारे १२० सायकलस्वार जमले आणि ‘नॅशनल क्लॅरियन सायकलिंग क्लब’ रीतसर स्थापन झाला. ईस्टर संमेलनाची ही प्रथा पुढे पक्की झाली. दरवर्षी वेगळे गाव आणि तिथे दुरून पायडल मारत आलेले शेकडो सभासद. दिवसा सभा, संध्याकाळी गाणी. क्लबचे बोधवाक्य विल्यम मॉरिसच्या ‘अ ड्रीम ऑफ जॉन बॉल’ या पुस्तकातून घेतले होते आणि त्याचा गाभा होता माणसांमधला बंधुभाव. रस्त्यात दोन क्लॅरियनवाले समोरासमोर आले की एकजण ‘बूट्स!’ अशी हाळी देई आणि दुसरा ‘स्पर्स!’ असे उत्तर देई. अनोळखी मुलखात या दोन शब्दांवर ओळख पटे आणि पंक्चर काढायला, पाणी द्यायला, रात्री आसरा द्यायला माणूस मिळे.

रविवारी नेमके काय चाले

शाखेचा कार्यक्रम साधा असे. आठवड्याच्या सुट्टीला ठरलेल्या चौकात जमायचे आणि धुराड्यांच्या बाहेर पडायचे. वाटेत एखाद्या खेड्याच्या चौकात थांबून पत्रके वाटायची आणि ‘क्लॅरियन’चे अंक विकायचे. कुणी बोलणारा असेल तर तो एखाद्या ओट्यावर उभा राहून भाषण करी. शहरातल्या समाजवादी सभांचा आवाज जिथे कधी पोचला नसता, तिथे तो सायकलवरून पोचला. खेड्यातला शेतमजूर जमीनदाराने दिलेल्या घरात राहत असे. त्याच्या विरोधात बोलायला धजावत नसे. शहरातून आलेला कामगार त्याच्याशी बरोबरीने बोले, हीच त्याच्यासाठी नवलाई होती. प्रत्येक ठिकाणी स्वागतच होई असे नाही. काही गावांत शिव्या आणि दगडही मिळाले.

प्रचाराचे काम नेटाने करणाऱ्यांना ‘क्लॅरियन स्काउट्स’ म्हणत. १८९५ मध्ये मॉन्टेग्यू ब्लॅचफर्डच्या संपादनाखाली त्यांच्यासाठी ‘द स्काउट’ हे नियतकालिकही निघाले. पुढच्याच वर्षी ‘क्लॅरियन व्हॅन’ रस्त्यावर आली. घोडा जुंपलेली ही फिरती गाडी गावोगाव मुक्काम करी, तिच्यातच वक्ते राहत आणि तिच्यावरूनच सभा होत. ही कल्पना राबवण्यात ज्यूलिया डॉसन या टोपणनावाने ‘क्लॅरियन’चे स्त्रियांसाठीचे सदर लिहिणाऱ्या बाईंचा मोठा वाटा होता. पहिल्याच वर्षी व्हॅनबरोबर फिरलेल्या वक्त्यांत ॲडा नील्ड च्यू होत्या. क्रू गावच्या कपडे शिवण्याच्या कारखान्यात त्या कामगार होत्या आणि तिथल्या तुटपुंज्या मजुरीविरुद्ध १८९४ मध्ये त्यांनी स्थानिक वृत्तपत्रात पत्रे लिहिली होती. व्हॅनच्या पुढे सायकलवाले जात, जागा ठरवत, लोक गोळा करत.

सायकल क्लबाभोवती आणखी कितीतरी मंडळे उगवली. गायनमंडळे निघाली, निसर्ग अभ्यासाची मंडळे निघाली, हस्तकलेची संघटना निघाली. गरीब वस्तीतल्या मुलांना जेवण आणि करमणूक देणारे ‘सिंड्रेला क्लब’ ब्लॅचफर्डने ‘क्लॅरियन’च्या आधीच सुरू केले होते, क्लॅरियनवाल्यांनी ते काम पुढे नेले. मँचेस्टरच्या आसपासच्या सायकलस्वारांनी १८९५ च्या उन्हाळ्यात नट्सफर्डजवळ तंबू ठोकून छावणी केली. तिच्यातूनच स्वतःच्या मालकीच्या क्लबहाउसची कल्पना पुढे आली. कामगारांना स्वस्तात चहा, जेवण आणि रात्रीचा मुक्काम मिळेल अशी घरे मग गावाबाहेरच्या रस्त्यांवर उभी राहिली. त्यांचा कारभार सभासद स्वतःच पाहत. मालकाच्या कारखान्यात आठवडाभर राबणारा माणूस रविवारी या घराचा मालक असे.

स्त्रिया आल्या

त्या काळातले कित्येक सायकल क्लब केवळ पुरुषांचे होते. क्लॅरियनने स्त्रियांना सभासद करून घेतले. एकट्या बाईने शहराबाहेर सायकल नेली तर लोक नावे ठेवत. क्लबबरोबर जाताना सोबत असे आणि घरचेही परवानगी देत. गिरणीतल्या आणि शिवणकामाच्या कारखान्यातल्या मुलींना आपल्या गल्लीपलीकडचे जग असे दिसले.

मँचेस्टरच्या क्लॅरियनवाल्यांत क्रिस्टाबेल आणि सिल्व्हिया या पँकहर्स्ट बहिणीही होत्या. पुढे स्त्रियांच्या मताधिकाराच्या लढ्यात ज्या दोघींची नावे जगभर गाजली, त्या मुलीच असताना दर रविवारी सायकल काढून या मंडळींबरोबर जात. क्रिस्टाबेलला वडिलांनी चांगली सायकल घेऊन दिली. सिल्व्हियाची सायकल एका समाजवादी कार्यकर्त्याने गॅसच्या नळ्यांपासून घरी बनवलेली होती. त्या जड सायकलवर चढ चढताना तिची दमछाक व्हायची आणि ती मागे राहायची. हे सिल्व्हियाने पुढे आपल्या आठवणींत सांगितले आहे. स्त्रियांना तेव्हा मत नव्हते, तरी क्लबच्या बैठकीत त्या बोलत होत्या. सार्वजनिक कामाचा पहिला सराव अनेकींनी अशाच मंडळांतून केला.

आनंदावरचा आक्षेप

समाजवादी चळवळीतल्या सगळ्यांनाच हा उत्साह रुचला नाही. इंडिपेंडंट लेबर पार्टीचे नेते कीर हार्डी हे कडक शिस्तीचे, दारूबंदीवाले, धर्मनिष्ठ गृहस्थ. ब्लॅचफर्ड आणि त्याच्या सोबत्यांचा हसरा, खेळकर सूर त्यांना उथळ वाटे. गरिबीशी लढणाऱ्यांनी सहली कशा काढाव्यात, गाणी कशी म्हणावीत, असा हा आक्षेप.

मला या वादात क्लॅरियनवाल्यांची बाजू खरी वाटते. त्यांनी कामगाराला सांगितले की जग बदलेपर्यंत आनंद पुढे ढकलू नकोस. धुराने काळवंडलेल्या गल्लीतून बाहेर पडून हिरवी टेकडी पाहिलेल्या माणसालाच गल्ली किती अन्यायाची आहे हे कळते. हा विचार त्या काळातल्या क्लॅरियन सायकलस्वारांच्या लेखनात पुन्हा पुन्हा येतो. सहल हाच त्यांचा अभ्यासवर्ग होता. पत्रक वाचून समाजवादी झालेला माणूस पुढच्या वादात दुसरीकडे जाऊ शकतो. शेजाऱ्याची सायकल ढकलत चढ चढलेला माणूस त्याला सहजासहजी सोडून जात नाही.

संपादक गेला, शाखा राहिल्या

या सोबतीची परीक्षा लवकरच झाली. १८९९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध पेटले तेव्हा ब्लॅचफर्ड सरकारच्या बाजूने उभा राहिला. जुना शिपाई त्याच्यातून कधी गेलाच नव्हता. अनेक वाचक दुखावले. १९०९ मध्ये त्याने ‘डेली मेल’मध्ये जर्मनीच्या धोक्याविषयी लेख लिहिले आणि १९१४ मध्ये पहिल्या महायुद्धाला उघड पाठिंबा दिला. क्लॅरियनवाल्यांत फूट पडली. काही जण पलटणीत भरती झाले, काहींनी विवेकाला स्मरून लढायला नकार दिला आणि तुरुंग पत्करला. साप्ताहिकाचा खप घसरत गेला आणि १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ते बंद पडले.

क्लब मात्र बंद पडला नाही. उलट त्याची सभासदसंख्या शिखराला पोचली ती साप्ताहिक बंद पडल्यावर, १९३६ मध्ये. लोकांनी पत्राचे नाव घेतले होते, पण क्लब चालवला होता तो आपापल्या गावाच्या जोरावर. रविवारी सकाळी चौकात जमायला मँचेस्टरच्या किंवा लंडनच्या परवानगीची गरज कुणालाच नव्हती.

लँकेशरमधले नेल्सन हे त्याचे ठळक उदाहरण. विणकरांच्या या गावातल्या इंडिपेंडंट लेबर पार्टीच्या लोकांनी १९१२ मध्ये पेंडल टेकडीच्या परिसरात रफलीजवळ ‘क्लॅरियन हाउस’ बांधले. साधीशी लांबट इमारत, आत बाके आणि चहाची सोय. चालत आणि सायकलने येणाऱ्यांसाठी ते आजही रविवारी उघडते आणि चहा मोठ्या मगातूनच मिळतो. अशी अनेक घरे एकेकाळी होती. हे स्थानिकांच्या श्रमदानावर टिकले.

क्लबच्या सभासदांनी मोठ्या कामांतही भाग घेतला. १९२३ मध्ये ‘ब्रिटिश वर्कर्स स्पोर्ट्स फेडरेशन’ स्थापन झाले, त्यामागे क्लॅरियनची मंडळी होती. पुढे या फेडरेशनची सूत्रे कम्युनिस्ट तरुणांकडे गेली. त्यांतलाच एक मँचेस्टरचा बेनी रॉथमन, वय वीस, जातिवंत क्लॅरियन सायकलस्वार. मँचेस्टरलगतच्या किंडर स्काउट या पठारावर जमीनदार शिकारीसाठी पक्षी पाळत आणि सामान्य माणसाला तिथे पाऊल टाकू देत नसत. २४ एप्रिल १९३२ रोजी शेकडो तरुण बंदी मोडून वर चढले. पोलीस रेल्वे स्टेशनवर टपून बसलेले, म्हणून रॉथमन हेफील्डला सायकलनेच गेला. पाच जणांना कैद झाली आणि रॉथमनला चार महिन्यांची शिक्षा सुनावली गेली. त्या शिक्षांनी देशभर संताप उसळला. १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला आणि १९५१ मध्ये हाच परिसर ‘पीक डिस्ट्रिक्ट’ या नावाने ब्रिटनचे पहिले राष्ट्रीय उद्यान बनला.

स्पेनमध्ये बंडखोर जनरल फ्रँकोच्या विरोधात प्रजासत्ताक झुंजत असताना, १९३८ मध्ये, क्लॅरियनचे दोन सभासद ग्लासगोहून थेट बार्सिलोनापर्यंत सायकलवर गेले. वाटेत त्यांनी स्पेनच्या लोकांसाठी मदत गोळा केली. चाळीस वर्षांपूर्वी शेजारच्या खेड्यात पत्रके वाटणाऱ्या क्लबची ही पुढची पायरी होती.

आज काय उरले

दुसऱ्या महायुद्धानंतर रस्ते मोटारींनी भरले. शाखा कमी झाल्या आणि उरलेल्यांपैकी अनेकांचा भर शर्यतींवर आला. २०२१ मध्ये राष्ट्रीय क्लबने आपल्या घटनेतला समाजवादाचा उल्लेख मतदानाने काढून टाकला. काहींना तो काळाबरोबर चालण्याचा मार्ग वाटला, काहींना मुळावरच घाव. मला त्या जुन्या सभासदांचे दुःख समजते. ज्या शब्दासाठी माणसांनी दगड खाल्ले आणि तुरुंग भोगला, तो कागदावरून काढताना हात जड व्हायला हवा.

तरीही या इतिहासाचे मोल एका कलमावर अवलंबून नाही. १८९४ च्या तरुणांकडे पैसा नव्हता, सत्ता नव्हती, मतदानाचा हक्कही तेव्हा सगळ्या कामगारांना नव्हता. त्यांच्याकडे दीड दिवसाची सुट्टी होती आणि जुनी सायकल होती. त्यांनी ती सुट्टी एकट्याने घालवली नाही. चौक ठरवला, वेळ ठरवली, बायकांनाही बरोबर घेतले, मागे पडणाऱ्यासाठी थांबले आणि दर आठवड्याला पुन्हा जमले. आज पुण्या-मुंबईतही पहाटे सायकलींचे गट निघतात आणि त्यांचे कौतुकच आहे. त्यांच्या रस्त्याच्या कडेला मात्र असे असंख्य लोक आहेत ज्यांना अजून हक्काची साप्ताहिक सुट्टी नाही: बांधकामावरचे मजूर, घरकाम करणाऱ्या बाया, घरोघरी जेवण पोचवणारी पोरे. त्यांचा रविवार त्यांना मिळावा यासाठी सायकलवाल्यांनीही बोलले पाहिजे. क्लॅरियनचा वारसा कुणाला पुढे न्यायचा असेल, तर सुरुवात तिथूनच करावी लागेल.